अंगणातले अकरा सेकंद

दोन वर्षं मी रोज सकाळी वारज्याहून हडपसरला जात होते आणि तिथे बसून अमेरिका बघत होते. आजची नव्हे. महायुद्ध नुकतंच संपलंय, सैनिक घरी परतलेत आणि सगळ्या देशाला एकदमच घर, मोटार, फ्रीज आणि मुलं हवी झाली आहेत, ती अमेरिका. त्या काळी तिकडे थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी बातमीपट दाखवत. अशा बातमीपटांची हजारो रिळं तिकडच्या एका कंपनीकडे होती. त्यांच्या डिजिटल प्रती काढून झाल्या होत्या, पण कुठल्या रिळात काय आहे हे कोणालाच सांगता येत नव्हतं. ते बघून लिहून काढायचं काम आमच्या ऑफिसला मिळालं होतं.

मी मूळची पुण्याच्या पेठेतली. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि मुदतीआधीच निवृत्ती घेतली, कारण नव्या मुख्याध्यापिकेशी माझं पटेना. पटेना हा फार सौम्य शब्द झाला. घरी बसून नवऱ्याच्या दुपारच्या झोपेवर पहारा करण्यापेक्षा हे बरं, म्हणून मी ही नोकरी धरली. ऑफिसात बाकी सगळे माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. आमचा टीम लीडर त्यातल्या त्यात थोराड, पस्तिशीचा, अमरावतीकडचा. तो मला मॅडम म्हणायचा, मी त्याला अहोजाहो करायची आणि आमचं बरं चालायचं.

काम सांगायला सोपं होतं. कानाला हेडफोन लावायचे, तुकडा बघायचा आणि दृश्य बदललं की इंग्रजीत एक ओळ लिहायची. कोण आहे, कुठे आहे, काय करतंय. शेवटी शोधायला उपयोगी पडतील असे चार शब्द. नियम एकच, दिसतं तेवढंच लिहायचं. बाई हसते आहे असं लिहायचं, बाई सुखी आहे असं लिहायचं नाही. हा नियम मला मनापासून आवडायचा. तीस वर्षं मुलांच्या उत्तरपत्रिकांत मी हेच शोधत होते आणि मला ते फारसं मिळालं नव्हतं.

सुरुवातीला मजा वाटायची. एकसारख्या घरांच्या रांगा आणि प्रत्येक घरापुढे काठीला बांधलेलं एकेक रोपटं. हातमोजे घालून भाजी आणायला निघालेल्या बायका. नव्या फ्रीजचं दार उघडून देव्हाऱ्यासमोर उभं राहावं तशा उभ्या राहिलेल्या बायका. गुटगुटीत बाळांच्या स्पर्धा. अणुबॉम्ब पडला तर काय करायचं याचा सराव म्हणून बाकाखाली शिरणारी शाळकरी मुलं, आणि त्यातलंच एखादं कॅमेऱ्याला जीभ दाखवणारं. या सगळ्यावर एका पुरुषाचा खणखणीत आवाज. त्या आवाजाला कधी पडसं झालं नाही आणि कधी शंका आली नाही. सगळं उत्तम चाललंय आणि उद्या याहून उत्तम चालणार आहे, एवढंच तो सांगायचा.

सहा महिन्यांत मला त्या आवाजाचा राग यायला लागला. स्टेशनवर मिठ्या मारणाऱ्या जोडप्यांबद्दल तो भरभरून बोलायचा आणि त्यांच्या मागून दोन्ही हातांत बॅगा घेऊन जाणाऱ्या काळ्या हमालाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. मी मात्र त्या हमालाची ओळ न चुकता लिहायची. कोपऱ्यातलं माणूस माझ्या नजरेतून सुटत नाही, याचा मला गर्व होता. तो गर्व मी ऑफिसात बोलूनही दाखवायची.

निवेदकाच्या आवाजापेक्षा मला मुके तुकडे बरे वाटायचे. बातमीपटात न वापरलेले, कापून बाजूला ठेवलेले. त्यांना आवाज नसायचा, गावाचं नाव नसायचं, काही नसायचं. कॅमेऱ्यासाठी हसून झाल्यावर माणसं पुढच्या क्षणी काय करतात ते फक्त त्या तुकड्यांत दिसायचं. असे तुकडे सगळ्यांना अवघड जायचे, म्हणून ते घेऊन लोक माझ्याकडे यायचे. मॅडम, हे काय चाललंय, हा माणूस कोण असेल. रोज तेच प्रश्न येतात म्हणून मी सगळ्यांसाठी एक तक्ता करून दिला. असं दिसलं तर असं लिहा. तो तक्ता पुढे प्रत्येकाच्या स्क्रीनवर चिकटवलेला असायचा आणि त्यावरून कोणी कधी वाद घातला नाही.

करार संपायला शेवटचा आठवडा उरला, तेव्हा सोमवारी सकाळी ते पत्र आलं. तिकडच्या कंपनीला एका बाईंनी लिहिलं होतं आणि कंपनीने ते आमच्याकडे ढकललं होतं. बाई ऐंशीच्या घरातल्या. त्या पाच वर्षांच्या असताना त्यांच्या नव्या वसाहतीत बातमीपटवाले आले होते. रविवार होता, घरामागच्या अंगणात वडील होते, त्या होत्या, आणखी बरीच माणसं होती. कॅमेरावाल्याने वडिलांचं चित्रण केलं एवढं त्यांना पक्कं आठवत होतं. वडील तेव्हा काय करत होते ते आठवत नव्हतं. त्याच हिवाळ्यात वडील गेले. वडिलांचे तीन फोटो त्यांच्याजवळ होते, पण ते कसे चालायचे, कसे हसायचे, हे त्यांना आता काही केल्या डोळ्यांसमोर येत नव्हतं. आणि त्यांचे डोळे जात चालले होते. जिथे बघावं तिथेच मधोमध धूसर होतं असं त्यांनी लिहिलं होतं, आणि डॉक्टरांनी काही आठवड्यांपलीकडची खात्री दिली नव्हती. नजर आहे तोवर वडिलांना एकदा बघायचं आहे, एवढीच मागणी होती. ओळखायला खूण म्हणून लिहिलं होतं की त्या दिवसांत त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता.

टीम लीडरने ते पत्र माझ्याकडे पाठवलं, कारण वसाहती आणि घरं हा माझा विभाग होता. त्याने बजावलंही. शुक्रवारी दुपारी चार वाजता आमच्या सर्व्हरवरच्या सगळ्या प्रती पुसल्या जाणार होत्या. तिकडे त्यांच्या प्रती राहणार होत्या, पण बसून बघायला तिकडे माणूस नव्हता. आमच्या नोंदीत सापडलं तर सापडलं, नाहीतर त्या ढिगातून एक तुकडा शोधायला पुढे कोणीही बसणार नव्हतं. त्या बाईंची नजर जाण्याआधी तर नक्कीच नाही.

मी वडील, मुलगी, अंगण असे शब्द घालून शोधायला लागले. ढिगाने निघाले. गवत कापणारे वडील, झोपाळा बांधणारे वडील, मुलीला सायकलवर बसवणारे, नळीने मुलांवर पाणी उडवणारे. सोमवार गेला, मंगळवारची दुपार गेली. प्लास्टरमधला हात कुठेच नव्हता. मंगळवारी संध्याकाळी मी दोन ओळींचं उत्तर लिहिलं की या वर्णनाचा तुकडा संग्रहात आढळत नाही. उत्तराखाली माझं नाव घातलं आणि वेळेवर बस पकडली. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण आपण नीट शोधलं याचं समाधानही होतं, आणि ते समाधान मी घरी नवऱ्याला ऐकवलं.

बुधवारी संध्याकाळी मी गॅलरीत दोरीवरचे कपडे काढत होते. आमच्या इमारतीत तळमजल्याच्या फ्लॅटला पुढे टीचभर बाग आहे. तिथे नवं कुटुंब राहायला आलंय, दोघंही आयटीतले. त्या दिवशी त्यांच्या मुलीचा वाढदिवस होता. बागेत फुगे लावले होते, माणसं जमली होती आणि एका कोपऱ्यात अॅप्रन घातलेला माणूस कोळशाच्या शेगडीवर पनीर आणि कणसं भाजत होता.

मी आत बघून म्हटलं, "अहो, खालच्यांनी वाढदिवसाला आचारी बोलावलाय. बघा, कसली हौस."

नवरा पेपर घेऊन बाहेर आला. त्याने खाली वाकून पाहिलं आणि तो म्हणाला, "आचारी कसला? बाप आहे तो तिचा. रोज सकाळी आपल्या पायऱ्यांशी गाडी धूत असतो. चष्मा बदल आता."

मी कपड्यांचा ढीग कठड्यावर ठेवला. तक्त्यातली ती ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती, माझ्याच शब्दांत लिहिलेली. अॅप्रन घालून अंगणात उघड्या विस्तवावर मांस भाजणारा पुरुष दिसल्यास आचारी लिहावे, भोवतालची माणसे पाहुणे समजावीत, समारंभ या सदरात टाकावे.

हे लिहिताना मला क्षणभरही शंका आली नव्हती. माझ्या माहेरी पुरुष विस्तवापाशी बसायचा तो फक्त मुंजीला नाहीतर लग्नाला, आणि तो पुरुष बाहेरून आलेला असायचा. कार्यालयाच्या मागच्या अंगणात तो भल्यामोठ्या कढईत झारा घालून बसलेला असायचा आणि घरातले पुरुष पुढे खुर्च्यांवर असायचे. आमच्या घरात चाळीस वर्षांत पुरुषाच्या हाताने गॅस पेटला तो मी आजारी असताना, दोनदा. घरचा कर्ता माणूस रविवारी हौसेने अॅप्रन बांधून पन्नास जणांसमोर उभा राहील, हे माझ्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. ऑफिसातल्या कोणाच्याच आलं नव्हतं. पण ओळ माझी होती. दिसतं तेवढंच लिहा म्हणून सगळ्यांना सांगणारी मी. न दिसलेला आचारी मीच लिहून बसले होते आणि शेकडो बापांना एका फटक्यात घराबाहेर काढलं होतं.

गुरुवारी सकाळी टीम लीडर खुर्चीत टेकायच्या आत मी त्याच्यासमोर उभी राहिले.

"तक्त्यात माझी चूक झालीय," मी म्हटलं. "आपण शोधतोय ते वडील आचारी म्हणून पडले असणार."

मी सगळं सांगितलं. तो आधी हसला. मग त्याने आचारी हा शब्द घालून यादी काढली, आणि ती खाली सरकवत गेला तसं त्याचं हसू गेलं.

"मॅडम, ही लिस्ट संपूनच नाही राहिली," तो म्हणाला. थोड्या वेळाने माझा चेहरा बघून म्हणाला, "तुम्ही काहून इतकं टेन्शन घेऊन राहिल्या? आमच्याकडेही लग्नात आचारी बाहेरूनच येते. मी पण तेच टॅग केलं असतं. अन् आपला रिप्लाय गेला ना, नॉट फाउंड. ते क्लोज झालं."

"माझ्या नावाने गेलाय," मी म्हटलं. "आणि तो खोटा आहे."

"पण हँडओव्हरचं काम कोण करणार?"

"तुम्ही. लीडर तुम्ही आहात."

हे मी फार तोडून बोलले, मला कळत होतं. त्याला राग आला असता तर तो रास्तच होता. पण त्याने यादीचे दोन भाग केले, सुरुवातीच्या क्रमांकांची रिळं स्वतःकडे ठेवली आणि उरलेली मला दिली. हँडओव्हर त्याने डबा खाता खाता केला.

ते दोन दिवस मी फक्त बाप पाहिले. पाहिलेलेच होते, पण आचारी म्हणून पाहिले होते. आता बघायला लागल्यावर मला माझीच लाज वाटली. कुठला आचारी टाय खांद्यावर टाकून भाजायला उभा राहतो? कुठल्या आचाऱ्याच्या गळ्यात मूल लोंबकळतं? एकाची बायको शेजारी ताटं धरून उभी होती आणि नवरा भाजलेला तुकडा उलटताना चुकला की ती तोंड फिरवून हसत होती. हे सगळं तेव्हाही पडद्यावर होतं. मी ओळ लिहून पुढे गेले होते, कारण रोजचे तुकडे संपवायचे असायचे आणि आचाऱ्याकडे दुसऱ्यांदा कोण बघतं.

प्लास्टर दिसेना. एका मुलाच्या पायाला होतं. एका मुलीच्या हाताला पांढरं दिसलं, मी उभीच राहिले, तर तो हातमोजा होता. गुरुवारी शेवटची बस गाठायची म्हणून निघाले तेव्हा माझी अर्धी यादी शिल्लक होती. शुक्रवारी सकाळी साडेसातला मी ऑफिसच्या दारात होते, तर टीम लीडर आधीच येऊन बसलेला होता. आम्ही एकमेकांना नमस्कारसुद्धा केला नाही.

दोन वाजता सर्व्हरवाल्यांचा निरोप आला की काम चारऐवजी तीनला सुरू होईल. टीम लीडरने त्यांना फोन लावला. आधी इंग्रजीत, मग हिंदीत, शेवटी अमरावतीच्या भाषेत त्याने एक तास मागून पाहिला. तिकडून नाही एवढंच उत्तर आलं. वर तो माणूस म्हणाला म्हणे, की दोन वर्षं काय करत होतात. हे मला उद्देशून नव्हतं, पण मला ते बरोबर जागी लागलं.

तीन वाजता पुसायला सुरुवात झाली, पहिल्या क्रमांकापासून. सव्वातीनला टीम लीडरने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"मॅडम, माझ्या लिस्टमधलं गेलं," तो म्हणाला. "उघडतच नाही आता. साठ-सत्तर बघायचे राहिले होते."

मी त्याच्याकडे मान वळवली नाही. त्या साठ-सत्तरांत ते वडील असतील तर संपलं, हे त्याला कळत होतं आणि मलाही. तो खुर्ची ओढून माझ्या मागे येऊन बसला. माझा एक डोळा पडद्यावर आणि एक डोळा यादीवर होता. यादीतले वरचे क्रमांक एकेक करून फिके पडत माझ्याकडे सरकत होते. मला घाम फुटला होता, आणि त्या ऑफिसात थंडी एवढी असायची की मी बाराही महिने शाल घेऊन बसायची. एक तुकडा पाच सेकंद बघायची, पुढचा उघडायची. चूक होईल, घाईत निसटेल, अशी भीती वाटत होती आणि थांबायला वेळ नव्हता.

तीन चाळीसला ती दिसली. काठीला बांधलेलं रोपटं, पांढरं कुंपण, शेगडीमागे उंच माणूस आणि त्याच्या कमरेशी फ्रॉकमधली लहान मुलगी. तिचा उजवा हात कोपरापर्यंत पांढरा होता.

"थांबा, थांबा," टीम लीडर मागून म्हणाला. मी थांबलेच होते.

अकरा सेकंदांचा मुका तुकडा. खाली नोंद होती. अंगण, आचारी मांस भाजतो आहे, कॅमेऱ्याकडे बघून हसतो, पाहुणे, मुले. नोंद करणारीचा क्रमांक माझा होता आणि तारीख सोळा महिन्यांपूर्वीची. दुसऱ्या कोणाच्या हातून झाली असती तर मला जरा बरं वाटलं असतं, हे कबूल करते. मी ओळ दुरुस्त केली, रिळाचा क्रमांक तिकडे कळवला, मंगळवारचं उत्तर चुकीचं होतं असंही लिहिलं. चारच्या आत टीम लीडरने त्यांच्याकडून पोच मिळवली. मग आम्ही दोघं खाली जाऊन चहा प्यायलो.

सोमवारी सकाळी साडेसातला बाईंचा व्हिडिओ कॉल आला. कंपनीने मला विचारून त्यांना माझा नंबर दिला होता आणि तो तुकडा मलाही पाठवला होता. त्यांच्याकडे रविवारची रात्र होती. बोलणं अर्थात इंग्रजीत झालं. केस पांढरेशुभ्र, खांद्यावर निळा स्वेटर, आणि मान एका बाजूला वळवलेली.

"सरळ बघितलं की माणूस नाहीसं होतं," त्या म्हणाल्या, "म्हणून तुमच्याकडे न बघता बघतेय. राग मानू नका."

मी विचारलं, तुकडा मिळाला ना. मिळाला होता. शनिवारी सकाळी त्यांनी तो मोठ्या टीव्हीवर लावून घेतला होता, आणि तेव्हापासून कितीदा पाहिला याची गणती नव्हती.

"कुंपण दिसतं," त्या म्हणाल्या. "झाडाचा शेंडा दिसतो. मधे वडील आहेत तिथे राखाडी आहे. मान वळवून बघू म्हटलं, तर अकरा सेकंदांत जमत नाही." मग अगदी सहज म्हणाल्या, "मागच्या वर्षीही मी कंपनीला विचारलं होतं. तेव्हा मला वाचतासुद्धा येत होतं. तेव्हा म्हणाले, अशी नोंदच नाही."

मला गप्प बसता आलं असतं. त्यांना काही कळायचं कारण नव्हतं.

"मागच्या वर्षी नोंद होती," मी म्हटलं. "मीच केली होती, आणि चुकीची केली होती. मी तुमच्या वडिलांना भाड्याने आणलेला आचारी समजले. आमच्याकडे घरातला पुरुष असा चारचौघांत भाजत उभा राहत नाही. माझ्यामुळे तुमचं एक वर्ष गेलं."

त्या हसायला लागल्या. "आचारी? त्यांना अंडं उकडता येत नव्हतं." त्या हसल्या म्हणून माझं ओझं उतरलं नाही. आजही उतरलेलं नाही. ज्या बाईला बघता येत होतं, तिला मी बघू दिलं नाही.

"आता तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या. "काय काय दिसतं ते सांगा. तुमचं कामच आहे ना ते."

मी तुकडा लावला आणि सांगायला लागले. उंच आहेत. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या आहेत. केस मागे वळवलेले, एक बट कपाळावर आली आहे. हसताना तोंड डावीकडे जास्त उघडतं. धूर डोळ्यांत गेला की पापण्या मिटतात, पण हसणं थांबवत नाहीत. त्यांनी विचारलं, दोन्ही पायांवर सारखा भार टाकून उभे आहेत का. मी पुन्हा लावून पाहिलं. नाही, भार उजव्या पायावर आहे. त्या स्वतःशी काहीतरी म्हणाल्या, ते मला ऐकू आलं नाही.

मग त्यांनी विचारलं, "माझ्याकडे बघतात का?"

मी पुन्हा लावलं. नवरा चहा घेऊन दारात उभा होता. त्याला तेवढं इंग्रजी कळतं. त्याने मान हलवून मला खूण केली, हो म्हण. अकरा सेकंद संपले, मी परत पहिल्यापासून पाहिले. हो म्हणणं फार सोपं होतं. त्यांना तपासून बघता येणार नव्हतं. पण या तुकड्यात नसलेलं मी एकदा लिहिलं होतं आणि त्याचं काय झालं ते समोर बसलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "एकदाही नाही. सगळा वेळ ते कॅमेऱ्याकडे बघतायत."

"बरं," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा होता तसाच राहिला. "आई म्हणायची, त्यांना तुझ्याकडे बघायला वेळ नसतो. मला वाटायचं ती रागाने म्हणते." त्यांनी माझे आभार मानले, उशीर झालाय असं म्हणाल्या आणि फोन बंद करायला हात पुढे केला.

"थांबा," मी म्हटलं. "एक मिनिट थांबा."

मी तुकडा एकेक चित्र सरकवत पाहायला लागले. आम्ही आधी चेहरे बघतो, सवयच तशी. मी पहिल्यांदाच चेहरा सोडून खाली पाहिलं. मुलगी मोकळा हात पुढे करून शेगडीकडे झुकत होती. जरा झुकायची आणि मागे यायची, पुन्हा झुकायची, पुन्हा मागे. मला वाटलं होतं ती खेळतेय.

"तुम्ही विस्तवाकडे झुकताय," मी म्हटलं. "तुमच्या फ्रॉकला पाठीमागे फीत बांधलेली आहे. वडिलांचा डावा हात मागे आहे आणि त्या हाताने ती फीत मुठीत धरलीय. तुम्ही झुकलात की ते मागे ओढतात. बघत नाहीत. कॅमेऱ्याकडेच हसतायत, पण तुम्ही हललात की हात आधीच ओढतो. पहिल्या सेकंदापासून धरलीय. शेवटपर्यंत सोडलेली नाही."

फोन बंद करायला पुढे केलेला हात त्यांनी मागे घेतला.

"घट्ट धरलीय?" त्यांनी विचारलं.

"हो. फ्रॉक एका बाजूला ओढला गेलाय. शेवटी तर फितीचं एक टोक शिलाईतून सुटलेलं दिसतंय."

"नवा फ्रॉक होता तो," त्या म्हणाल्या. आता त्या सरळ माझ्याकडे तोंड करून बोलत होत्या, म्हणजे त्यांना मी दिसत नव्हते. "त्या संध्याकाळी आईने मला मारलं. पहिल्याच दिवशी फाडलास म्हणून. मी रडत रडत सांगत होते की मी नाही फाडला, कोणीतरी मागून ओढत होतं. आई विचारत होती, कोण ओढत होतं ते सांग. मला माहीतच नव्हतं."